वनस्पतींचें वैर आणि धान्याचें शेत

शेतकऱ्याच्या शत्रूंची गणना करूं लागलें असतां टोळ, उंदीर, तांबेरा, अवर्षण हीं नांवें प्रथम तोंडीं येतात. तणाचें नांव बहुधा शेवटीं येतें. कारण तें रोजचेंच. टोळधाड आली म्हणजे गांवभर हाकाटी होते. तण उगवलें म्हणून कोणी आरडाओरड करीत नाहीं. तथापि पिकाचें नुकसान करण्याच्या कामीं हा मुका शत्रु कोणाहूनहि कमी नाहीं, आणि त्याच्याशीं चाललेलें युद्ध तर शेतीइतकेंच जुनें आहे. 'कृषिपराशर' ह्या संस्कृत ग्रंथांत भाताचें शेत तणरहित ठेवण्याविषयीं आवर्जून उपदेश केलेला आहे. कोंकणांतील भाताची बेणणी आणि देशावरील जोंधळ्याची कोळपणी व खुरपणी हीं त्याच युद्धाचीं आपल्याकडील नांवें. आणि हें युद्ध मुख्यतः बायकांनीं, हातांत खुरपें घेऊन, उन्हापावसांत कंबर वांकवून लढलेलें आहे, ही गोष्ट पुढील विवेचन वाचतांना ध्यानांत ठेवावयास हवी.

ह्या कष्टांतून सुटण्याची वाट गेल्या शतकाच्या मध्यावर सांपडली, असें सर्वांस वाटलें. १९४५ सालीं अमेरिकेंत '२,४-डी' ह्या नांवाचें रासायनिक द्रव्य विक्रीस आलें. रुंद पानांचें तण त्यानें मरे, आणि गवताच्या कुळांतलें धान्य मात्र जगे. त्यामागून अशा द्रव्यांची रांगच लागली. परंतु तणहि सजीवच आहे, आणि जें जें सजीव तें तें बदलतें. उत्तर हिंदुस्थानांत 'गुल्लीडंडा' म्हणून ओळखलें जाणारें एक गवत कोंवळेपणीं हुबेहूब गव्हासारखें दिसतें. आयसोप्रोट्युरॉन नांवाच्या औषधानें तें कित्येक वर्षें मरत होतें. तेंच १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत हरयाणांतील शेतांतून मरेनासें झालें, आणि १९९५ सालीं ह्या गोष्टीची शास्त्रीय नोंद झाली. औषध तेंच होतें. पण त्याला दाद न देणाऱ्या मोजक्या रोपांचें बीं दरवर्षीं मागें राहून अखेर त्यांचीच प्रजा शेत व्यापून बसली होती.

अशा वेळीं एका जुन्या कल्पनेकडे लोकांचें लक्ष पुन्हां वळावें, हें स्वाभाविक होय. एका वनस्पतीच्या अंगच्या रसानें जर दुसरी वनस्पति खुंटते, तर तोच रस शिंपून धान्यांतील तण कां मारूं नये? प्रश्न सरळ आहे. उत्तर तितकें सरळ नाहीं. ही कल्पना सुमारें तेवीसशें वर्षांची असून ती अनेकदां उचलली गेली आणि अनेकदां टाकून दिली गेली. ती कां उचलली व कां टाकली, हें समजल्यावांचून 'नैसर्गिक' ह्या एका शब्दावर आज जें जें खपतें त्याची पारख करतां येणार नाहीं. म्हणून तिचा इतिहास येथें थोडक्यांत सांगावयाचें योजिलें आहे.

ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस ह्यानें इ. स. पूर्वीं ३०० च्या सुमारास वनस्पतींविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्यांत हरभऱ्यासंबंधानें एक मार्मिक निरीक्षण आहे. हें पीक जमिनीचा कस काढतें, पण तणाचा नाश करतें, आणि त्यांतहि सराट्याचा नाश सर्वांत आधीं करतें, असें तो सांगतो. पुढें रोमन ग्रंथकार प्लिनी (मृत्यु इ. स. ७९) ह्यानें हरभऱ्यांत खारटपणा असल्यामुळें तो जमीन जाळतो, असें कारण पुढें केलें, अक्रोडाची छायाहि त्यानें घातक ठरविली. हरभऱ्याच्या शेतावर रात्रीं फडकें पसरून, पहांटे दंवानें भिजलेलें तें फडकें पिळून 'आंब' काढण्याची आपल्याकडील चाल ज्यांस ठाऊक आहे, त्यांस प्लिनीचें म्हणणें अगदींच पोकळ वाटणार नाहीं. हरभऱ्याच्या पानांवरील बारीक केसांतून मॅलिक व ऑक्झॅलिक हीं आम्लें खरोखरच पाझरत असतात. परंतु सराटा मरतो तो त्या आंबेनेंच मरतो, असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. सतराव्या शतकांत जपानमधील विचारवंत कुमाझावा बान्झान ह्यानेंहि पाइन वृक्षाच्या पानांवरून ओघळणारें पावसाचें पाणी व दंव हें खालच्या पिकांस बाधतें, असें लिहून ठेवलें आहे.

ह्या साऱ्या निरीक्षणांत एक गांठ आहे, आणि ती नीट पाहिली पाहिजे. एका झाडाच्या सान्निध्यांत दुसरें रोप खुंटलें, तर त्याचीं दोन कारणें संभवतात. बलवान् झाडानें पाणी, अन्न आणि ऊन हीं ओढून घेतलीं व शेजारी उपाशीं मेला, हें एक. किंवा त्यानें कांहीं घातक द्रव्य सोडलें व शेजारी विषानें मेला, हें दुसरें. पाहणाराच्या डोळ्यांस दोन्ही मरणें सारखींच दिसतात. भूक कीं विष, हा प्रश्न सोडविण्याचें साधन प्राचीनांपाशीं नव्हतें. आणि साधनें हातीं आल्यावरहि तो सुटण्यास दीडशें वर्षें पुरलीं नाहींत. आमच्या मतें ह्या विषयाच्या सर्व इतिहासाचा कणा हा एकच प्रश्न आहे.

त्यास पहिलें शास्त्रीय स्वरूप दिलें तें जिनीव्हा येथील वनस्पतिशास्त्रज्ञ ऑग्युस्तँ द कांदोल ह्यांनीं. १८३२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं असा सिद्धांत मांडला कीं, जनावरांप्रमाणें वनस्पतिहि टाकाऊ द्रव्यें बाहेर सोडतात, आणि तीं मुळांवाटे जमिनींत सांचतात. हीं द्रव्यें त्याच जातीच्या पुढल्या पिकास नडतात, म्हणून एका शेतांत तेंच तेंच पीक सारखें घेतां येत नाहीं. पिकांची फेरपालट कां करावी लागते, ह्याचेंहि उत्तर त्यांनीं ह्यांतच शोधलें. काटेरी झुडपानें ओट खुंटतो, राय-गवताच्या जातीच्या तणानें गहू खुंटतो, अशीं शेतांतील उदाहरणें त्यांनीं दिलीं. त्यांचे सहकारी माकेर ह्यांनीं रोपांचीं मुळें पाण्यांत बुडवून ठेवून त्या पाण्यांत काय उतरतें, हेंहि तपासलें. थोडक्यांत, अर्क काढून पाहण्याची रीत येथें प्रथम अवतरली.

परंतु ह्या सिद्धांतास दोन्ही बाजूंनीं घेरण्यांत आलें. रोपें उपटून पाण्यांत ठेवतांना मुळें दुखावतात, आणि पाण्यांत उतरतो तो जखमेंतला रस, तो निरोगी मुळाचा स्राव नव्हे, हा एक आक्षेप. आणि तो सबळ होता. दुसरा आघात अधिक मोठा होता. १८४० सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग ह्यांचा शेतीच्या रसायनावरील ग्रंथ बाहेर पडला. वनस्पतीचें पोषण हें जमिनींतील खनिज द्रव्यांवर अवलंबून असतें, आणि पिकानें तीं उचलून नेलीं कीं जमीन दुबळी होते, ही उपपत्ति त्यानें सर्वत्र रूढ केली. जमिनीच्या थकव्याचें कारण विष नसून भूक आहे, असें एकदां ठरल्यावर द कांदोल ह्यांच्या स्रावांची आठवणहि कोणी ठेवली नाहीं. लीबिग ह्यांची उपपत्ति मूलतः बरोबर होती, आणि तिच्यामुळें शेतीचें अपार कल्याण झालें. तथापि भुकेचें कारण खरें ठरलें म्हणून विषाचें कारण खोटें ठरत नाहीं, हा साधा न्याय त्या विजयाच्या भरांत विसरला गेला.

विसाव्या शतकाच्या आरंभीं तो वाद अमेरिकेंत पुन्हां पेटला. तेथील सरकारी मृत्तिका-खात्यांत श्राइनर व रीड ह्यांनीं गव्हाच्या रोपांवर प्रयोग केले आणि १९०७ पासून त्यांचे वृत्तांत प्रसिद्ध होऊं लागले. गव्हामागून गहू घेऊन थकलेल्या जमिनीच्या पाण्यांत गव्हाचीं कोंवळीं रोपें नीट वाढेनात; तेंच पाणी कोळशाच्या बारीक भुकटींतून गाळून घेतलें असतां वाढूं लागलीं. पाण्यांत अन्नाचा तुटवडा असता तर कोळशानें तो भरून निघाला नसता. तेव्हां त्यांत कांहीं तरी घातक असलें पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. पण ह्या खात्याच्या प्रमुखांनीं त्यापुढें जाऊन, खतांचा उपयोग अन्न म्हणून नसून विष मारण्यापुरताच आहे, असें प्रतिपादन करण्यापर्यंत मजल नेली. तेथें शेतकीच्या इतर अभ्यासकांनीं त्यांना कडाडून विरोध केला, आणि अतिरेकी विधानाबरोबर त्यामागचे चांगले प्रयोगहि बाजूला पडले. सत्याचें नुकसान त्याच्या शत्रूंपेक्षां त्याच्या उतावळ्या मित्रांनींच अधिक केल्याचें उदाहरण म्हणून हें प्रकरण लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

त्याच सुमारास इंग्लंडांत बेडफर्डच्या ड्यूकांच्या आश्रयानें चाललेल्या वोबर्न येथील फळबागेंत स्पेन्सर पिकरिंग हे एक शेतकऱ्याच्या डोळ्यासमोरचें कोडें उलगडीत होते. सफरचंदाच्या झाडाखालीं गवत वाढूं दिलें कीं झाड खंगतें. तें पाणी व खत कमी पडल्यामुळें खंगतें काय? पिकरिंग ह्यांनीं गवत वेगळ्या, बुडाला भोंकें पाडलेल्या पराळांत वाढविलें, आणि त्यांतून झिरपलेलें पाणी खालच्या कुंडींतील झाडास पोंचेल अशी योजना केली. गवताचीं मुळें झाडाच्या मुळांस शिवतहि नव्हतीं; तरी झाडाची वाढ मंदावली. भुकेला विषापासून वेगळें काढण्याचा हा पहिला खरा कौशल्याचा प्रयत्न म्हणावयास हरकत नाहीं.

वोबर्नच्या नांवाबरोबर येथें एका अशा गृहस्थांचें स्मरण होतें कीं, ज्यांचा पुण्याशीं निकट संबंध होता. डॉ. हॅरल्ड मॅन हे १९०७ सालीं पुण्याच्या कृषि-महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पिंपळे सौदागर ह्या गांवाची त्यांनीं केलेली आर्थिक पाहणी १९१७ सालीं प्रसिद्ध झाली, आणि दख्खनच्या खेड्यांचा अभ्यास करणाऱ्यांस ती आजहि उपयोगी पडते. पुढें ते मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे प्रमुख झाले. हिंदुस्थान सोडल्यावर १९२८ सालीं त्यांनीं वोबर्न येथीलच, धान्यांसाठीं असलेल्या दुसऱ्या प्रयोगक्षेत्राचीं सूत्रें हातीं घेतलीं. आणि १९४५ पासून बार्न्स ह्या सहकाऱ्यासह सातू व निरनिराळीं तणें एकत्र वाढवून तीं परस्परांस किती व कशीं नडतात, ह्याचे मोजमाप-पूर्वक प्रयोग प्रसिद्ध केले. 'तण पिकास खातें' ह्या म्हणण्यांत नेमकें काय काय येतें, हें तराजूवर घालून पाहण्याची ही वृत्ति होती.

ह्या विषयास आज जें नांव आहे तें मात्र व्हिएन्नाहून आलें. तेथील वयोवृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश हे १९२८-२९ मध्यें कलकत्त्यास सर जगदीशचंद्र बोस ह्यांच्या संशोधनमंदिरांत कांहीं महिने राहून गेले होते. १९३७ सालीं, म्हणजे मृत्यूच्याच वर्षीं, एका वनस्पतीच्या दुसरीवर होणाऱ्या परिणामाविषयीं त्यांचा ग्रंथ निघाला, आणि त्यांत त्यांनीं 'ॲलेलोपथी' हा शब्द बनविला. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ परस्परांपासून होणारा भोग असा होतो. आपण त्यास 'परस्परपीडा' म्हणूं. मौज अशी कीं, मोलिश ह्यांच्या ग्रंथांत तणाला फारसें स्थान नाहीं. पिकलेल्या सफरचंदांतून निघणाऱ्या वायूचा इतर वनस्पतींवर काय परिणाम होतो, हा त्यांचा मुख्य विषय. परंतु नांव मिळालें, आणि नांव मिळालें कीं विखुरलेल्या गोष्टी एका ठिकाणीं गोळा होऊं लागतात.

ह्यानंतरचा एक प्रसंग सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. कारण घाईच्या निष्कर्षास तो कायमचा धडा आहे. कॅलिफोर्नियाच्या टेंकड्यांवर सुगंधी झुडपांच्या भोंवतीं उघड्या जमिनीचें एक वलय असतें. त्यांत गवताचें पातेंहि दिसत नाहीं. कॉर्नेलिअस मुलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६४ सालीं ह्या वलयाचें कारण झुडपांच्या पानांतून उडणारीं कापरासारखीं सुगंधी द्रव्यें हें होय, असें जाहीर केलें. प्रयोगशाळेंत त्या वाफांनीं रोपें खुंटतहि होतीं. चित्र मोठें मनोहर होतें, आणि तें लगेच पाठ्यपुस्तकांत शिरलें. सहा वर्षांनीं बार्थोलोम्यू ह्या दुसऱ्या अभ्यासकानें त्या उघड्या जागेंतील कांहीं भाग नुसत्या तारेच्या जाळीनें झांकून ठेवला. जाळीखालीं गवत उगवलें. झुडपाच्या आश्रयास राहणारे उंदरांसारखे प्राणी आसपासचें बीं व कोंब खाऊन टाकीत होते! वाफांचा परिणाम मुळींच नसतो, असें ह्यावरून ठरत नाहीं. पण प्रयोगशाळेंतील बशींत जें घडतें तेंच रानांत घडत असेल, असें समजण्याचा अधिकार मात्र कोणास राहिला नाहीं. भूक आणि विष ह्यांच्या जोडीला उंदीर हें तिसरें कारण येऊन बसलें.

आतां आपण धान्याच्या शेतांत येऊं, आणि तेथें आपला जोंधळाच पुढें उभा राहतो. जोंधळ्याच्या अंगीं विष आहे, हें त्याची कोंवळी ताटें खाऊन दगावलेल्या गुरांनीं आपल्या शेतकऱ्यास केव्हांच शिकविलें आहे. जोंधळ्यामागून घेतलेलें पीक नीट येत नाहीं, ही तक्रार अमेरिकन शेतकऱ्यांचीहि होती. ब्रीझील ह्यांनीं १९२४ सालीं तिचा शास्त्रीय विचार केला. तीन वर्षांनीं कॉनरॅड ह्यांनीं निराळें कारण दाखविलें: जोंधळ्याच्या धसकटांत साखर पुष्कळ असते, तिच्यावर जमिनींतील जंतु माजतात, आणि ते नत्र स्वतःच गट्ट करून टाकतात, म्हणून पुढचें पीक पिवळें पडतें. पुन्हां तोच वाद, आणि ह्या वेळीं भुकेनें बाजी मारली. पण १९८६ सालीं अमेरिकेंतील नेट्झ्ली व बटलर ह्यांनीं जोंधळ्याच्या मुळांवरील केसांच्या टोंकांशीं दिसणारे सोनेरी पिवळे थेंब गोळा करून त्यांतील द्रव्य ओळखलें आणि त्यास 'सॉर्गोलिओन' असें नांव दिलें. पानांत सूर्यप्रकाशानें अन्न तयार होण्याची क्रियाच हें द्रव्य रोखूं शकतें, असें पुढें आढळलें. तणनाशक म्हणून कारखान्यांत बनविलेलीं कांहीं द्रव्यें जेथें घाव घालतात तेथेंच ह्याचाहि घाव बसतो. म्हणजे भूकहि खरी निघाली आणि विषहि खरें निघालें.

ह्या ज्ञानाचा प्रत्यक्ष शेतीस उपयोग करण्याचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न झाला तो पाकिस्तानांतील फैसलाबादच्या कृषि-विद्यापीठांत. झाहिद अता चीमा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथें जोंधळ्याच्या पाण्याची एक साधी कृति बसविली. पक्व जोंधळ्याचीं ताटें कापून सावलींत वाळवावीं, त्यांचे दोन दोन सेंटिमीटरचे तुकडे करावे, एका भागास दहा भाग ह्या प्रमाणांत ते पाण्यांत एक दिवसभर भिजत घालावे, पाणी गाळून घ्यावें, आणि मग उकळून तें आटवावें. ह्या अर्कास त्यांनीं 'सॉर्गाब' म्हटलें; गुलाब व पंजाब ह्या शब्दांतला फारसी 'आब', म्हणजे पाणी, तोच हा. पेरणीनंतर महिन्याभरानें, आणि पुन्हां कांहीं दिवसांनीं, हा अर्क गव्हावर फवारावयाचा. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांताप्रमाणें शेतांतील तणाचें वजन सुमारें तिसऱ्या हिश्श्यापासून जवळजवळ निम्म्यापर्यंत घटलें, आणि गव्हाचें उत्पन्न शेंकडा दहा ते वीसच्या आसपास वाढलें. पुढें सूर्यफूल व मोहरी ह्यांचे अर्क त्यांत मिसळून, आणि रासायनिक औषधाची मात्रा कमी करून ती ह्या अर्काच्या जोडीनें देऊन, अनेक प्रयोग झाले. औषध निम्मेंच वापरून जवळपास पूर्ण मात्रेइतका गुण येतो, असें त्यांतील पुष्कळांत आढळलें.

हे आंकडे आशादायक आहेत. पण ते नीट वाचावयास हवेत. निम्मं तण गेलें ह्याचा अर्थ निम्में राहिलें. चांगल्या निंदणीनें अथवा औषधाच्या पूर्ण मात्रेनें जितकें तण जातें, तितकें केवळ अर्कानें जात नाहीं. अर्काची शक्ति जोंधळ्याच्या वाणावर, वयावर, जमिनीवर आणि हवेवर अवलंबून असल्यामुळें दोन घाणे सारखे उतरत नाहींत. जमिनींत पडतांच जंतु त्यांतील द्रव्यें खाऊं लागतात. शिवाय अर्क फार दाट झाला तर तो तणाबरोबर गव्हासहि नडतो, कारण विषाला आपलें व परकें कळत नाहीं. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. सॉर्गोलिओन हें मुळांतलें तेलकट द्रव्य पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. वाळलेल्या ताटांच्या पाण्यांत जें उतरतें, तीं निराळींच, बहुतेक फिनॉल जातीचीं द्रव्यें असतात. एकाच्या कीर्तीवर दुसऱ्यानें मिरवावें, असा हा प्रकार आहे. बशींतील बियांवर अर्क ओतून त्या उगवल्या नाहींत, एवढ्यावर विजय मानणारे प्रयोग तर असंख्य झाले. पण नुसतें दाट साखरेचें पाणी ओतलें तरी बीं उगवत नाहीं, हें त्यांच्या कर्त्यांनीं पुष्कळदां तपासलेलें नसतें.

आपल्याकडील शेतकऱ्याच्या दृष्टीनें एक व्यावहारिक अडचणहि आहे. जोंधळ्याचें ताट हा त्याच्या घरीं केर नव्हे. तो कडबा आहे, आणि दुष्काळी सालीं तर दाण्यापेक्षांहि त्याची चिंता अधिक वाटते. बैलाच्या तोंडचा कडबा पाण्यांत भिजत घालून त्याचें तणनाशक करा, असें सोलापूर-अहिल्यानगरकडील शेतकऱ्यास सांगणाऱ्यानें आधीं त्याच्या गोठ्याकडे पाहावें. अर्क फुकट होतो, हें विधान जेथें ताटें वायां जातात तेथेंच खरें असतें.

जोंधळ्याच्या ह्या कथेस एक चमत्कारिक उपकथा आहे. त्याच्या मुळांवर पोसणारें टारफुला हें बांडगुळी तण आपल्याकडे सर्वपरिचित आहे. त्याचें धुळीसारखें बारीक बीं जमिनींत वर्षानुवर्षें निजून राहतें, आणि यजमानाचें मूळ जवळ आल्याची चाहूल लागल्यावरच उगवतें. ती चाहूल म्हणजे मुळांतून पाझरणारें द्रव्यच. अशा जातीचें पहिलें द्रव्य १९६६ सालीं कापसाच्या मुळांपासून वेगळें करण्यांत आलें. आणि १९८६ सालीं असें दिसून आलें कीं, सॉर्गोलिओनचेंच एक पूर्वरूप टारफुल्याच्या बियांस जागें करूं शकतें! एका तणास मारणारा स्राव दुसऱ्यास आमंत्रण देतो. वनस्पतींचे रस हे शेतकऱ्याच्या सोयीसाठीं निर्माण झालेले नाहींत, हें ह्याहून स्पष्ट कशानें व्हावें? तथापि हें ज्ञानच उपायाकडेहि घेऊन गेलें. केनियांत मक्याच्या ओळींमध्यें डेस्मोडियम ही द्विदल वनस्पति लावली असतां टारफुला हटतो, असें १९९० नंतरच्या दशकांत आढळलें. तिच्या मुळांचे कांहीं स्राव टारफुल्याचें बीं उगववतात, आणि दुसरे त्याचा कोंब मक्याच्या मुळास चिकटूं देत नाहींत. जागें झालेलें बीं उपाशीं मरतें. येथें अर्क काढावा लागत नाहीं कीं उकळावा लागत नाहीं. जिवंत झाडच तो शेतांत सोडीत राहतें, आणि वर गुरांस चाराहि देतें.

दुसरा मार्ग कारखान्याचा. १९७७ सालीं कॅलिफोर्नियांत एका रासायनिक कंपनींतील शास्त्रज्ञाच्या असें नजरेस आलें कीं, 'बॉटलब्रश' नांवाच्या बागेंतील शोभेच्या झाडाखालीं तण फारसें उगवत नाहीं. त्या झाडांतील लेप्टोस्पर्मोन हें द्रव्य वेगळें काढलें. पण तें तणावर चालावयास फारच मोठ्या मात्रेंत लागे. तेव्हां त्याच्या रचनेंत फेरबदल करीत करीत शेंकडों द्रव्यें बनविलीं गेलीं, आणि त्यांतूनच मक्याच्या पिकासाठीं वापरलें जाणारें मेसोट्रायोन हें औषध २००१ मध्यें बाजारांत आलें. तें नैसर्गिक म्हणावें कीं कृत्रिम? झाडानें कल्पना दिली आणि माणसानें ती पुरी केली, एवढेंच म्हणतां येईल.

राहतां राहिला 'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' हा समज. त्याचें खंडन करण्यास पुणेकरांस लांब जाण्याचें कारण नाहीं. १९५५ सालीं पुण्यांत प्रथम नोंदलें गेलेलें गाजरगवत आज देशभर पसरलें आहे. पार्थेनिन नांवाचें त्याच्या अंगचें द्रव्य आसपासच्या वनस्पतींस खुंटवितें, आणि त्याच गवताच्या स्पर्शानें माणसाच्या कातडीस असह्य विकार जडतो, हें पुण्यांतीलच रुग्णांवरून १९७० नंतर जगास कळलें. हें विष कोणत्याहि कारखान्यांत तयार झालेलें नाहीं. झाडाचा रस असो कीं प्रयोगशाळेंतील द्रव्य असो, त्याची परीक्षा मात्रेनें व परिणामानेंच झाली पाहिजे, जन्मानें नव्हे.

तेवीसशें वर्षांच्या ह्या कथेंतून निष्पन्न काय झालें? थिओफ्रास्टसचें निरीक्षण निराधार नव्हतें. द कांदोल ह्यांची मुळांच्या स्रावांची कल्पनाहि खरी ठरली. आणि तरी त्यांचे विरोधकहि मूर्ख नव्हते, कारण पुरावा मागण्याचें काम त्यांनीं केलें. धान्यांतील तणासाठीं वनस्पतींचे अर्क हे आज सहाय्यकाच्या जागीं शोभतात, सेनापतीच्या जागीं नव्हेत. औषधाची मात्रा निम्म्यावर आणणें, फेरपालटींत योग्य पीक बसविणें, टारफुल्यासारख्या चिवट तणास जिवंत शेजाऱ्याकरवीं फसविणें, हीं कामें त्यांच्याकडून होण्यासारखीं आहेत, आणि तीं लहान नाहींत. ज्या बाईस दिवसभर वांकून दोन पाथी खुरपाव्या लागतात, तिची एक पाथ जरी ह्या ज्ञानानें वांचली, तरी त्याचें सार्थक झालें. पण ती वांचेल कीं नाहीं, हें तिच्याच शेतांत, शेजारचा तुकडा अर्कावांचून तसाच ठेवून, दोहोंचें धान्य मापून ठरवावें लागेल. कोणी बाटली घेऊन दारीं आला, तर त्याला प्रथम त्या शेजारच्या तुकड्याचें माप विचारावें.